रोमन भग्नावशेषांच्या चित्रांच्या हस्तचित्रित प्रतिकृती

प्राचीन रोमच्या भग्नावशेषांचे चित्रण करणाऱ्या ऐतिहासिक चित्रांवरून हाताने, बहुधा तैलरंगांत, काढलेल्या प्रतींना हस्तचित्रित प्रतिकृती म्हणतात. छापील प्रतीत मूळ चित्राचे छायाचित्र यंत्राने उमटवलेले असते. हस्तचित्रित प्रतिकृतीत प्रत्येक रंगलेप नव्याने दिलेला असतो. त्यामुळे प्रत करणाऱ्याचे कौशल्य, समज आणि चुका या सर्वांची छाप तिच्यावर पडते. या चित्रप्रकारात पुनरावृत्ती ही नंतरची भर नाही. अनेक प्रसिद्ध चित्रांच्या एकाहून अधिक आवृत्त्या मूळ चित्रकारांनीच केलेल्या आहेत.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, श्रीमंत तरुण शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून इटलीचा दीर्घ प्रवास करीत. 'ग्रँड टूर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रवासात रोम हे प्रमुख ठिकाण असे. परतताना कलोसियम, पॅन्थिऑन, त्राजानचा स्तंभ यांची चित्रे सोबत नेण्याची प्रथा पडली आणि मागणी वाढल्याने एकाच दृश्याची चित्रे वारंवार काढली जाऊ लागली.

या चित्रांचे दोन प्रकार आहेत. 'वेदुता' म्हणजे प्रत्यक्ष स्थळाचे, ओळखू येईल असे दृश्य. 'कॅप्रिच्चो' म्हणजे कल्पनेने जुळवलेले दृश्य. यात प्रत्यक्षात एकमेकांपासून दूर असलेल्या वास्तू शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात. प्रतिकृती पाहताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कॅप्रिच्चोची प्रत कितीही तंतोतंत असली, तरी तिच्यात दिसणारे रोम कधीही अस्तित्वात नव्हते.

पानिनीच्या आवृत्त्या

जोवान्नी पाओलो पानिनी (१६९१–१७६५) हा या क्षेत्रातील अग्रगण्य चित्रकार. (संस्कृत व्याकरणकार पाणिनी यांच्याशी असलेले साम्य केवळ उच्चारापुरते आहे.) पियाचेन्झा येथे जन्मलेला पानिनी १७११ मध्ये रोमला आला आणि तेथेच स्थायिक झाला. रोममधील फ्रेंच अकादमीत तो यथार्थदर्शन शिकवीत असे.

'प्राचीन रोम' हे त्याचे चित्र प्रतिकृतींच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. एका भव्य काल्पनिक दालनात भिंतीभर रोमन अवशेषांची चित्रे टांगलेली असून खाली लाओकून, फार्नेसे हर्क्युलिस यांसारखी प्रसिद्ध शिल्पे मांडलेली आहेत. मध्यभागी 'अल्दोब्रान्दिनी विवाह' या रोमन भित्तिचित्राची प्रत दिसते. म्हणजे हे चित्र स्वतःच चित्रांतील चित्रांचा संग्रह आहे. फ्रान्सचा रोममधील राजदूत, पुढे श्वाझलचा ड्यूक झालेला स्टेनव्हिलचा काउंट, याने ते त्याच्या 'आधुनिक रोम' या जोडचित्रासह काढवून घेतले होते.

पानिनीने ही जोडी तीनदा रंगवली. पहिल्या जोडीपैकी 'प्राचीन रोम' आज श्टुटगार्टच्या संग्रहालयात, तर 'आधुनिक रोम' बोस्टनमध्ये आहे. १७५७ ची दुसरी जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात, तर १७५८–५९ ची तिसरी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कमधील 'प्राचीन रोम' सुमारे १७२ × २३० सेंटिमीटरचे असून लूव्रमधील आवृत्ती त्याहून बरीच मोठी, सुमारे २३१ × ३०३ सेंटिमीटरची आहे. या आवृत्त्या तपशिलात एकसारख्या नाहीत. त्यामुळे आजच्या प्रतिकृतीवर केवळ 'पानिनीचे प्राचीन रोम' असे लिहिणे अपुरे ठरते. ती कोणत्या आवृत्तीवरून केली, हे सांगणे आवश्यक आहे.

ऐतिहासिक पुरावा म्हणून मूल्य

काही चित्रांत आज नष्ट झालेले तपशील टिकून आहेत. पॅन्थिऑनच्या अंतर्भागातील घुमटाखालच्या पट्ट्याची जुनी संगमरवरी सजावट अठराव्या शतकाच्या मध्यास बदलण्यात आली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतील पानिनीच्या सुमारे १७३४ च्या चित्रात ती बदलापूर्वीच्या रूपात दिसते. मात्र याच चित्रात त्याने दृश्य रुंदावले आहे. प्रत्यक्षात एका जागी उभे राहून इतका भाग नजरेत मावत नाही. सजावटीबाबत विश्वसनीय असलेले चित्र अंतरांबाबत तसे नाही.

पॅन्थिऑनच्या बाह्यदृश्यांतही असेच एक उदाहरण आहे. सतराव्या शतकात दर्शनी भागावर बांधलेले दोन घंटामनोरे १८८३ मध्ये काढून टाकले गेले. अठराव्या शतकातील चित्रांत ते दिसतात. आजची इमारत पाहून एखाद्या नक्कलकाराने ते 'चूक' म्हणून गाळले, तर प्रतिकृती आजच्या वास्तूशी जुळेल, पण मूळ चित्राशी प्रामाणिक राहणार नाही. रोमन फोरमचेही तसेच. त्या काळी तो 'गुरांचे कुरण' या अर्थाच्या नावाने ओळखला जाई आणि सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीचा खालचा भाग मातीत गाडलेला होता. चित्रातील ठेंगणी कमान ही चित्रकाराची चूक नव्हे.

निर्मिती

पारंपरिक पद्धतीत मूळ चित्रावर किंवा त्याच्या छायाचित्रावर चौकटी आखून आकृती त्याच प्रमाणात कॅनव्हासवर उतरवतात. त्यानंतर छायाप्रकाशाचा पहिला थर व त्यावर रंगांचे पुढचे थर देतात. शेवटी व्हार्निश लावतात. अवशेषांच्या चित्रांत यथार्थदर्शन हा सर्वांत कठीण भाग असतो. कमानींच्या रांगेतील लहानशी चूकही लगेच डोळ्यांत भरते. झाडे-ढगांत असे होत नाही.

लूव्रमध्ये बसून प्रती करण्याची परंपरा १७९३ पासून चालू आहे. परवाना घेतलेल्या नक्कलकाराने आपला कॅनव्हास मूळ चित्रापेक्षा निदान एक-पंचमांशाने लहान वा मोठा ठेवावा आणि चित्रकाराची स्वाक्षरी उतरवू नये, असा तेथे नियम आहे. व्यापारी प्रमाणावरील निर्मितीसाठी चीनमधील शेन्झेन शहरातील दाफेन हे ठिकाण १९८९ नंतर प्रसिद्धीस आले.

प्रतिकृती आणि बनावट चित्र

पानिनीच्या मृत्यूला अडीच शतकांहून अधिक काळ लोटल्याने त्याच्या चित्रांवर आता प्रताधिकार नाही. प्रत करणे व ती प्रत म्हणून विकणे वैध आहे. तीच प्रत मूळ म्हणून विकली, तर ती फसवणूक ठरते. तपासणीत रंगद्रव्ये उपयोगी पडतात. अठराव्या शतकात पांढऱ्या रंगासाठी शिशाचे संयुग वापरत, तर टायटॅनियमचा पांढरा रंग विसाव्या शतकात प्रचारात आला. तो मूळ रंगथरातच सापडला, तर ते चित्र अठराव्या शतकातील असू शकत नाही. केवळ वरच्या थरात सापडला, तर ती नंतरची डागडुजीही असू शकते. चित्रकाराच्या हयातीतच, त्याच्याच कार्यशाळेत झालेल्या प्रती मात्र या कसोटीने वेगळ्या काढता येत नाहीत, कारण रंग आणि कॅनव्हास दोन्ही त्याच काळातले असतात. तेथे रेखाटन आणि रंगकामाच्या हाताची तुलना करावी लागते.