‘टॉक्सिक’ शब्दाची व्युत्पत्ती आणि आपले ‘औषध’

इंग्रजीतील ‘टॉक्सिक’ या विशेषणाचा ‘विषारी’ हा अर्थ सर्वपरिचित आहे. परंतु त्याच्या मुळाशी विष नसून धनुष्य आहे. ग्रीक भाषेत ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य. त्यावरून ‘तोक्सिकोन’, म्हणजे धनुष्यासंबंधीचे. बाणांना माखावयाच्या विषारी द्रव्यास ग्रीक लोक ‘तोक्सिकोन फार्माकोन’, म्हणजे धनुष्याचे औषध, असे म्हणत. पुढे ‘फार्माकोन’ हे विशेष्य गळाले व विशेषणानेच त्याची जागा घेतली. ‘पैठणी साडी’तील साडी गळून ‘पैठणी’ उरावी, तशातलाच हा प्रकार होय. लॅटिनमध्ये ‘तोक्सिकुम’ म्हणजे नुसते विष असा अर्थ रूढ झाला आणि धनुष्याचा विसर पडला. १७ व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो विषाचाच अर्थ घेऊन.

संस्कृतात हीच गोष्ट निराळ्या रीतीने नोंदली गेली. विष लावलेल्या बाणास अमरकोशात ‘दिग्ध’ व ‘लिप्तक’ अशी नावे आहेत. दोहोंचा मूलार्थ ‘माखलेला’. येथे नवे नाव बाणाला मिळाले; ‘विष’ हा शब्द आपल्या ठिकाणी अबाधित राहिला. लॅटिन ‘वीरुस’ हा त्याचा सगोत्र असून त्यातूनच आजचा ‘व्हायरस’ आला.

आता गळालेल्या ‘फार्माकोन’कडे वळू. औषध आणि विष असे त्याचे दोन्ही अर्थ होते. हे द्व्यर्थत्व केवळ ग्रीकांचे नव्हे. गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा परिसर हा धानाचा मुलूख. येथे काय किंवा महाराष्ट्रात अन्यत्र काय, शेतकरी कीटकनाशकास ‘औषध’च म्हणतो आणि पिकावर ‘औषध मारतो’. पिकाच्या दृष्टीने हे नाव यथार्थ आहे. फवारणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते फसवे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अतिविषारी कीटकनाशकाच्या डब्यावर कवटीचे चिन्ह व विषाचा इशारा तांबड्या रंगात छापावा, असा नियम आहे. पण तोंडी असलेला शब्द त्या इशाऱ्याची धार बोथट करतो.

ग्रीक शब्दातील औषध गळाले आणि विष उघडे राहिले. आपल्या बोलीत विष झाकले गेले आणि औषध उरले. म्हणून शेतीविषयक मराठी लेखनात तरी ‘औषध’ न लिहिता ‘विषारी कीटकनाशक’ असे स्पष्ट लिहिणे इष्ट होय.