इंग्रजी अर्जातला मान

घरी आपण मराठी, झाडीबोली, पोवारी बोलतो. पण बचत गटाच्या कर्जासाठी, विम्यासाठी कधी इंग्रजीत पत्र द्यावे लागते. मग प्रश्न पडतो, साहेबांना 'यू' लिहिले तर त्यांना 'तू' म्हटल्यासारखे होईल का?

नाही होणार. मराठीत तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या आहेत. इंग्रजीतही पूर्वी 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही असा भेद होता. पुढे सगळ्यांनाच 'यू' म्हणायची रीत पडली. म्हणजे टिकला तो मानाचाच शब्द. तो बिनधास्त लिहा.

आता मोठ्या अक्षरांचे, म्हणजे कॅपिटलचे पाहू. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात, म्हणून इथे गोंधळ होतो. 'आय' म्हणजे मी. हे अक्षर नेहमी मोठेच लिहितात. तो गर्व नाही, नियम आहे. 'यू' मात्र वाक्याच्या मध्ये लहान अक्षराने लिहितात. त्यात अपमान नाही. वाक्याची सुरुवात, माणसाचे, गावाचे, बँकेचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करा. सगळे पत्र मोठ्या अक्षरांत लिहू नका, ते ओरडल्यासारखे वाटते. फॉर्मवर नाव मोठ्या अक्षरांत मागतात, ती गोष्ट वेगळी.

मग मान दिसतो कुठे? सुरुवातीच्या 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम'मध्ये. अधिकारी बाई की पुरुष हे माहीत नसेल, तर दोन्ही लिहा. 'पासबुक द्या' असा हुकूम नको, 'प्लीज' किंवा 'वुई रिक्वेस्ट यू' लिहा. शेवटी 'युअर्स फेथफुली', त्यात फक्त पहिले अक्षर मोठे.

एक लक्षात ठेवा. १९६४च्या अधिनियमाने मराठी आपल्या राज्याची राजभाषा आहे. तहसील, पंचायत समितीत मराठीत अर्ज करा. २००५च्या कायद्याखाली माहितीचा अर्जही मराठीत देता येतो.

आणि इंग्रजी पत्र दुसऱ्या कोणी लिहून दिले, तर सही करण्याआधी गटात बसून त्याचा अर्थ मराठीत समजून घ्या. किती रक्कम, कशासाठी, कोणाच्या नावावर, हे प्रत्येकीला कळू द्या. पत्राची एक प्रत ठेवा, तिच्यावर पोच घ्या. सही तुमची, तर शब्दही तुम्हाला कळलेच पाहिजेत.