उजेड येतो, पण वाचता येतो का?

कलाशाखेच्या वार्षिकांकात काचेच्या तंतूवर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. परंतु या विषयाशी माझा संबंध आला तो विज्ञानाच्या हौसेने नव्हे, तर गरजेने. आमचे घर कर्नाळ्याच्या पायथ्याशी, पनवेलपासून रस्त्याने बारा-तेरा किलोमीटरवर. पावसाळ्यात आमच्याकडचे इंटरनेट बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट चालते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पान निम्मे उघडते आणि तिथेच गोठते. तक्रार केली की दुरुस्तीला आलेला माणूस पेटीकडे पाहून म्हणतो, "लाइट येतोय की! आमच्याकडून सगळं ठीक आहे." या 'लाइट येतोय' या दोन शब्दांत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे कोणते, ते केबल जोडण्याचे काम करणाऱ्या माझ्या मामेभावाला, म्हणजे दादाला, विचारून आणि थोडे वाचून मी समजून घेतले. तेच येथे मांडते.

थोडा इतिहास आधी सांगितला पाहिजे. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ केले ते पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी, १९६० साली. काचेतून प्रकाश वाकवून नेता येतो हे त्याआधीच माहीत होते. पण तो फार लवकर विझे. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी आपले सहकारी हॉकहॅम यांच्यासह असे मांडले की दोष काचेचा नसून काचेतील अशुद्धतेचा आहे, आणि एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश जरी उरला तरी टेलिफोनचे काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा ओलांडली. आजच्या चांगल्या तंतूत शंभरातला एक भाग उरायला शंभर किलोमीटर जावे लागतात. काव यांना २००९ चे नोबेल मिळाले. आपल्या देशात टेलिफोन केंद्रे जोडणारा पहिला प्रकाशतंतू १९७९ साली टाकला गेला तो पुण्यात, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आता मूळ मुद्दा. तंतू बिचारा फक्त वाट आहे. बोलणारा आणि ऐकणारा वेगळाच. तो म्हणजे ट्रान्सीव्हर. एका लहानशा डबीत एक लेसर आणि एक प्रकाशग्राही डायोड बसवलेला असतो. लेसर विजेच्या शून्य-एकांचे उजेड-अंधारात रूपांतर करतो आणि समोरचा डायोड त्या उजेडाची पुन्हा वीज करतो. घराघरांत येणाऱ्या 'जीपॉन' पद्धतीत केंद्राकडून सेकंदाला सुमारे २४९ कोटी असे ठिपके निघतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. भागाकार केला तर एकेका ठिपक्याची तंतूतील लांबी आठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे भरते! पनवेल ते कर्नाळा बारा किलोमीटर धरले, तर कोणत्याही क्षणी दीड लाख ठिपके वाटेत असतात.

कल्पना करा की कर्नाळ्याच्या सुळक्याखाली कोणी मशाल घेऊन उभा आहे आणि प्रबळगडावर दुसरा कोणी पाहतो आहे. मशालीपुढे घोंगडी धरायची आणि काढायची, एवढीच भाषा. मशाल मंद असेल तर दिसणार नाही, हे उघड आहे. पण घोंगडी घाईघाईने आणि अनियमित हलवली तर? मशाल भरपूर पेटलेली असूनही प्रबळगडावरच्याला एक उजेड कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळणार नाही. उजेड आला, पण निरोप आला नाही. आमच्या घरातल्या पेटीवरचा दिवा एवढेच सांगतो की मशाल पेटलेली आहे.

प्रथम उजेडाचे प्रमाण घेऊ, कारण ते मोजायला सोपे आहे. एक मिलिवॉट उजेडाला शून्य मानून वर-खाली डेसिबलमध्ये मोजतात. दहाने उतरले की उजेड दहावा हिस्सा. समजा, केंद्रातला लेसर अधिक ३ वर आहे, म्हणजे दोन मिलिवॉट. वाटेत एका तंतूचे बत्तीस घरांसाठी बत्तीस वाटे करणारा स्प्लिटर असतो. तोच सतरा घेऊन जातो. बारा किलोमीटर काच तीन घेते. सांधे आणि जोडण्या दोन. आपल्या दारी उरले वजा १९. मिलिवॉटचा साधारण ऐंशीवा भाग. घरच्या ट्रान्सीव्हरला नेहमीच्या दर्जात वजा २७ पर्यंत वाचता आले पाहिजे असा दंडक आहे. म्हणजे आठची शिल्लक राहिली. गंमत अशी की वजा ८ पेक्षा जास्त उजेडही चालत नाही. डायोडचे डोळे दिपतात. म्हणून 'जितका लाइट जास्त तितके चांगले' ही समजूतही खोटी.

ही आठची शिल्लक कशात जाते? दादाचे उत्तर एका शब्दाचे होते : घाणीत. तंतूचा ज्यातून प्रकाश जातो तो गाभा केवळ नऊ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून आमच्या उशाशी रेंगाळत राहिले, तेव्हाची धूळ आठवा. त्यातला एक कण जोडणीच्या तोंडावर बसला की अर्धी वाट बंद. बोट लागले तर त्वचेचे तेल बसते. दुसरे कारण वाकण. तांब्याच्या तारेची सवय असलेले लोक उरलेली केबल खिळ्याभोवती आवळून गुंडाळतात. प्रकाश त्या वळणावर गाभ्यातून बाहेर सांडतो. तिसरे कारण मला फार उशिरा कळले. जोडणीची टोके दोन प्रकारची असतात. निळे टोक सरळ कापलेले, हिरवे आठ अंशांनी तिरके. हिरव्याला निळे जोडले तरी ते बसते, दिवाही लागतो. पण मध्ये हवेची फट राहते. उजेड घटतो आणि काही उजेड परत फिरून लेसरकडे जातो व त्यालाच अस्वस्थ करतो.

येथून पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो साध्या मापयंत्रावर दिसत नाही. लेसर एकाच शुद्ध रंगाचा प्रकाश देत नाही. थोडे शेजारचे रंगही देतो. काचेत प्रत्येक रंगाचा वेग किंचित निराळा. दूर जाता जाता ठिपका पसरतो आणि शेजाऱ्याच्या अंगावर जातो. बारा किलोमीटरवर हे फारसे जाणवत नाही. लांबच्या मार्गांवर मात्र हाच मोठा शत्रू. शिवाय लेसर तापला की त्याच उजेडासाठी त्याला अधिक वीज लागते. सर्वसाधारण ट्रान्सीव्हर सत्तर अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी बनवतात. एप्रिल-मे महिन्यांत रस्त्याकडेच्या बंद लोखंडी पेटीत काय होत असेल, याची कल्पना कोकणातल्या माणसाला वेगळी करून द्यायला नको.

हे सारे दोष एकत्र पाहण्याची अभियंत्यांची युक्ती मोठी सुंदर आहे. लक्षावधी ठिपक्यांच्या आकृत्या ते पडद्यावर एकीवर एक रचतात. ठिपके नेटके असतील तर मध्ये डोळ्याच्या आकाराची मोकळी जागा राहते. ठिपके पसरले, डगमगले, मंदावले की डोळा मिटत जातो. त्या आकृतीला ते 'डोळा'च म्हणतात. डोळा उघडा असेल तर मधोमध पाहून हा उजेड की अंधार हे ठरवता येते. मिटला की ग्राहक अंदाज करू लागतो, आणि अंदाज चुकतो. वर सांगितलेल्या वजा २७ च्या दंडकात चुकीची मुभा आहे हजार कोटी ठिपक्यांत एक, म्हणजे दर चार सेकंदांना एक.

पोथ्यांची नक्कल करणाऱ्या लेखकूंमुळे पाठभेद कसे शिरतात हे आपण वर्गात शिकतो. हा त्याचाच प्रकार. उपायही आपल्या परंपरेला अनोळखी नाही. वेद पाठ करणारे संहितेखेरीज पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ म्हणत. एकाच शब्दाची उलटसुलट आवृत्ती झाली की एके ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी उघडी पडते. तंतूवर हेच काम गणिताने होते. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली सुचवलेल्या रीतीने दर २३९ अक्षरांमागे १६ जादा अक्षरे पाठवतात. त्यांच्या आधारे आठ अक्षरांपर्यंतच्या चुका ग्राहक स्वतःच दुरुस्त करतो, पुन्हा विचारावे लागत नाही. पण नऊ चुकली की सारा तुकडा वाया. अर्थात बिघाड हळूहळू वाढत असला तरी आपल्याला तो अचानक आल्यासारखा वाटतो. काल चालत होते, आज पान गोठले. पावसाळ्यात सांध्याच्या पेटीत ओल शिरून आधीच झिजलेली शिल्लक संपते आणि आपण दोष पावसाला देतो.

यावर सामान्य माणसाने करायचे काय? बहुतेक ट्रान्सीव्हर स्वतःची नाडी स्वतः सांगतात : तापमान, लेसरला लागणारी वीज, पाठवलेला उजेड, मिळालेला उजेड. दुरुस्तीला येणाऱ्याला 'लाइट येतोय का?' असे न विचारता 'किती येतोय?' असे विचारावे, आणि तो आकडा तारखेसह भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. मी गेल्या जूनपासून लिहिते आहे. वजा २० वरून तो ऑगस्टअखेर वजा २६ वर आला, तेव्हा तक्रारीत मी आकडेच लिहिले. या वेळी माणूस आला तो साफ करण्याचे पेन घेऊन. त्याने बाहेरच्या पेटीतली जोडणी पुसली, भिंतीवरचे आवळलेले वेटोळे सैल केले, आणि आकडा वजा २१ झाला.

एक सूचना मात्र पाळावी. केबलचे टोक निघाले तर उजेड येतो का हे पाहण्यासाठी त्यात डोकावू नये. तंतूतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण केंद्राजवळच्या मार्गांवर त्याची शक्ती डोळ्याला इजा करण्याइतकी असू शकते.