टँकर भरण्याआधीचा चिमटा

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. अशा कुठल्याही डेपोत टँकर इंधन भरण्याच्या गॅन्ट्रीखाली लागला, इंजिन बंद झालं, की आधी अर्थिंग. जमिनीत गाडलेल्या अर्थिंगशी जोडलेला एक जाडजूड चिमटा टँकरला लावतात. त्याचे दात टोकदार असतात. रंग आणि गंज फोडून ते थेट धातूला भिडले पाहिजेत. अनेक ठिकाणी हा जोड नीट बसल्याशिवाय पंप सुरूच होत नाही. डेपोतल्या साऱ्या यंत्रसामग्रीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा चिमटा.

कारण इंधन नुसतं पाइपातून वाहिलं तरी त्यात वीज साठते, आणि तिची ठिणगी उडू शकते. द्रव घन पृष्ठभागाला टेकला की तिथे विद्युतभारांची फारकत होते. एका जातीचे भार भिंतीला धरून बसतात, विरुद्ध जातीचे द्रवाबरोबर पुढे वाहत जातात. जर्मन शास्त्रज्ञ क्विंके यांनी 1859 मध्ये सच्छिद्र मातीतून पाणी ढकलून असा विद्युतदाब मोजला. 1879 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी भारांच्या या दुहेरी थराचं गणित मांडलं. भिंतीवर जातात ते आयन की इलेक्ट्रॉन, यावर मात्र अजून संशोधन चालू आहे. हाँगकाँगच्या संशोधकांनी तर 2020 मध्ये टेफ्लॉनच्या पातळ थरावर 15 सेंटिमीटरवरून पाण्याचा एकेक थेंब सोडून 140 व्होल्टपेक्षा जास्त दाब मिळवून दाखवला.

पाणी विजेला वाट देतं, म्हणून नळाच्या पाण्यात हा भार टिकत नाही. पेट्रोल-डिझेल मात्र जवळजवळ विद्युतरोधक. अगदी शुद्ध इंधनात साठलेला भार साधारण एक तृतीयांशावर यायलाच 18 सेकंद लागू शकतात. वाटेत बारीक फिल्टर असेल तर भार कितीतरी पटींनी वाढतो, कारण तिथे द्रवाला भिडणारा पृष्ठभागच अफाट असतो. म्हणून फिल्टरनंतर इंधनाला टाकीत पडण्यापूर्वी साधारण 30 सेकंद मिळावेत, अशी पाइपाची लांबी ठेवतात. सुरुवातीला वेगही सेकंदाला एक मीटरच्या आत. पाइपाचं तोंड इंधनात बुडालं की मग वाढवायचा. विमानाच्या इंधनात वीज वाहून जावी म्हणून खास रसायनही मिसळतात.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. चिमटा टँकरच्या पत्र्यावरचा भार जमिनीत उतरवतो. आतल्या इंधनातला भार त्याने लगेच जात नाही. त्याला वेळच द्यावा लागतो. म्हणूनच टँकर भरल्या भरल्या झाकण उघडून डिप घेऊ, म्हणजे पट्टी बुडवून पातळी मोजू, देत नाहीत. आधी पेट्रोल वाहिलेल्या टँकरमध्ये डिझेल भरणं तर फारच जोखमीचं: आत पेट्रोलची वाफ उरलेली, आणि वरून भार घेऊन येणारं डिझेल. पेट्रोलची वाफ पेटायला मिलिज्यूलच्या पाव भागाइतकी ठिणगी पुरते. एवढी ठिणगी आपल्या बोटाला जाणवतसुद्धा नाही.

डेपोत निदान चिमटा असतो. शेतातल्या इंजिनासाठी आपण पंपावर कॅन घेऊन जातो तेव्हा ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. पेट्रोल साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये घेऊ नका. मान्यताप्राप्त धातूचा कॅन वापरा, आणि तोही दुचाकीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून धरा आणि सावकाश भरा.