धार आणि धूळ : लहान जहाजे घडविण्याची हत्यारे



पुण्यास समुद्र नाही, आणि मी तर मार्केट यार्डातला माणूस. चैत्र-वैशाखात कोकणातून हापूसच्या पेट्या उतरतात, एवढाच आमचा समुद्रकाठाशी व्यवहार. त्या पेट्या उचलण्यात आणि ठोकण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, पुढची कामगारांच्या संघटनेत. मोडक्या पेट्यांच्या फळ्या सहज मिळत, म्हणून त्यांची लहान जहाजे करण्याचा नाद लागला. त्या कामाची हत्यारे आज आपल्यापुढे मांडावयाची आहेत. ती हत्यारे मला कुठे घेऊन गेली तेही शेवटी सांगेन, कारण ती गोष्ट हौसेची नाही.

प्रथम माप समजून घेऊ. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी लढाऊ नौका बांधली. ती १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जपून ठेवलेली आहे. तिचा तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब. प्रतिकृती करणारे पुष्कळजण खऱ्या जहाजाच्या एका फुटास पाव इंच असे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने हा मजला साडेसदतीस इंचांत बसतो. आता समजा, घासताना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त गेला. खऱ्या जहाजाच्या अंगावरून सहा इंच लाकूड गेले! म्हणून या कामात हत्यार लहान आणि विचार मोठा लागतो.

लाकडाचेही तसेच. खऱ्या जहाजास साग उत्तम, तो पाण्यात लवकर कुजत नाही. परंतु लहान कामात सागाची रेघ जाडीभरडी दिसते, आणि त्यात वाळूच्या जातीचे सिलिकाचे कण असल्यामुळे हत्याराची धार लवकर मरते. त्यापेक्षा शिवण बरा, किंवा हेद, ज्यास काहीजण हळदू म्हणतात. हेदाचे पोत बारीक असते. शिकाऊ माणसाने मात्र पेटीच्या फळीवरच हात बसवावा. ती बिघडली तर जीव हळहळत नाही.

जहाजाचे अंग घडविण्यासाठी फळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा करतात. पुठ्ठ्याचे साचे कापून ते ठिकठिकाणी लावून पाहतात. मग कोरणे सुरू होते. यात हत्यारांचे दोन वर्ग आहेत : कापणारी आणि घासणारी.

कापणाऱ्यांत पटाशी, गोल पटाशी, लहान रंधा आणि बारीक पात्याची सुरी. पटाशी ही एक पाचर आहे. धार लाकडात शिरते आणि पाचरेमुळे ढलपी वर उचलली जाते. लाकडाची रेघ ज्या बाजूस उतरत असेल त्या बाजूने चालवावे. उलट चालवाल तर धार आत घुसून लाकूड फाटेल. जहाजाचा मध्य फुगीर आणि दोन्ही टोके निमुळती असतात, म्हणून मध्यावरून टोकांकडे यावे. हातोडी न वापरता केवळ हाताच्या दाबाने तासायचे असेल तर पटाशीस २५ अंशांच्या आसपास उतार पुरतो; ठोकून वापरायची असेल तर ३० अंश ठेवावा, नाहीतर धारेची कड तुटते. आणि डावा हात नेहमी धारेच्या मागे असावा, पुढे कधीही नाही.

धार लागली की नाही हे कसे ओळखावे? मऊ लाकडाच्या आडव्या कापलेल्या तोंडावर पटाशी चालवून पाहा. चकचकीत तुळतुळीत काप निघाला तर धार आहे. भुगा झाला तर दगडाकडे परत जा.

घासणाऱ्यांत मरफा, कानस आणि पॉलिश पेपर. मरफ्याचे दात मोठे, तो फुगवटे झटपट उतरवतो. कानस त्याचे ओरखडे काढते. पॉलिश पेपर म्हणजे कागदावर चिकटवलेल्या हजारो बारीक धारा. त्यामागे छापलेला अंक चाळणीचा असतो : अंक जितका मोठा तितका कण बारीक. ८० पासून निघून १२०, १८०, २४० असे क्रमाने जावे. मधली पायरी गाळली तर ८० नंबरचे ओरखडे २४० ने जात नाहीत, आणि रंग दिला की सगळे उघडे पडतात. कागद नुसत्या बोटांनी धरू नये, खळगे पडतात. सपाटीस लाकडाचा तुकडा आणि खोलगटीस गोल काठी कागदाखाली घ्यावी. घासणे रेघेच्या दिशेनेच.

आता मुख्य मुद्दा. पटाशीची ढलपी जमिनीवर पडते. पॉलिश पेपरची धूळ हवेत तरंगते आणि नाकात जाते. इंग्लंडात हाय विकम या गावी खुर्च्या आणि फर्निचर करणाऱ्या कामगारांत नाकाच्या पोकळीतील एरवी दुर्मिळ असा कर्करोग फार आढळतो, हे १९६० च्या दशकात एस्मे हॅडफील्ड या शल्यविशारद बाईंच्या ध्यानात आले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसास निश्चित कर्करोगकारक ठरविली. आपण रविवारी तासभर घासणार. आपला धोका थोडा. जो रोज आठ तास घासतो त्याचा विचार करा.

तो विचार मला एका फर्निचरच्या कारखान्यात करावा लागला. तेथे नगावर मजुरी होती. धार लावण्यात गेलेला वेळ नगांत धरत नसत. हत्यार बोथट झाले की माणूस दगडाकडे न जाता घासण्याच्या यंत्राकडे जाई, आणि पटाशीचे काम यंत्राने उरकी. एका वयस्क मिस्त्रींना मी विचारले, “मिस्त्री, तुमच्यासारख्यांची पटाशी अशी कशी?” ते म्हणाले, “भाऊ, धारेचे पैसे कोण देतो? धूळ मात्र फुकट मिळते.”

त्या दिवशी मला हत्यारांचे शास्त्र आणि मजुरीचे शास्त्र एकाच जागी दिसले. चार बैठका झाल्या. रोज सकाळची वीस मिनिटे धारेसाठी, तीही पगारी, आणि प्रत्येक यंत्रास धूळ ओढणारी पिशवी, एवढे पदरात पडले. घासण्याचे काम कमी झाले आणि मालही सुबक निघू लागला. मिस्त्रींचा खोकला मात्र गेला नाही; आम्ही उशिरा पोहोचलो होतो.

घरी हे काम करणाऱ्यांनी एवढे पाळावे. आकार धारेने आणावा, घासणे शेवटच्या हातापुरते ठेवावे. खिडकी उघडी असावी, नाकावर एन-९५ मास्क असावा, आणि धूळ केरसुणीने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. आणि बाजारातून पॉलिश केलेली सुंदर वस्तू घ्याल तेव्हा ती घासणाऱ्याच्या नाकावर काय होते, हे दुकानदारास एकदा विचारावे.

टेबलावर माझी पटाशी, मरफा आणि अर्धवट झालेले एक गलबत ठेवले आहे. ज्यांना धार पाहावयाची असेल त्यांनी पुढे यावे. मुलांनी मात्र मोठ्यांचा हात धरून यावे.