तापीकाठच्या नोंदी (भाग ७) : नदीचा मासा नक्की कुठला?

जळगाव-धुळ्याच्या मासळीबाजारात ‘नदीचा मासा’ मागितला, तर पाटीतून बहुतेक वेळा रोहू नाहीतर कटला निघतो. दोघांचे मूळ घर गंगेचे खोरे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून हुकमी अंडी घालून घेतली. तेव्हापासून मत्स्यबीज देशात कुठेही पोचवता येऊ लागले. धरणाच्या साचल्या पाण्यात हे मासे सहसा विणीला लागत नाहीत, म्हणून बोटुकली पुन्हा पुन्हा सोडावी लागते. मच्छीमार सोसायट्यांना यासाठी बोल लावण्यात अर्थ नाही. तलावाच्या ठेक्याची रक्कम वाम आणि मळ्या विकून भरून निघत नाही.

मळ्या म्हणजे दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा बोटभर मासा. त्याला ना भाव, ना योजना. वाम, मरळ, शिंगाळा, शिवडा, कानस आणि डोहातला महाशीर ही तापीखोऱ्याची जुनी मंडळी. यांची आज काय स्थिती आहे, हे पाहायला आपण आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची (आययूसीएन) लाल यादी उघडतो आणि तिथेच फसतो. शिवडा तिच्यात ‘असुरक्षित’ आहे. मरळ ‘चिंता नाही’ या रकान्यात आहे. नर्मदा-तापीतल्या महाशीरापुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. पण ही यादी साऱ्या जगाचा हिशेब एकत्र मांडते. आसामच्या पाणथळ तळ्यांत मरळ मुबलक असली, म्हणून खान्देशातल्या गिरणा नदीतही ती सुखात आहे असे होत नाही. खान्देशाची यादी खान्देशातच, नदीवार करावी लागेल.

कारण इथल्या अडचणी इथल्याच आहेत. गिरणा, पांझरा, बोरी या नद्या उन्हाळ्यात तुटक डोहांवर येतात. पावसाळा लागेपर्यंत मासा त्या डोहांतच तग धरतो. वाळू उपसली की तळाचा उतार बदलतो आणि पाणी गढूळ होते. तळाच्या वाळू-गोट्यांत राहणाऱ्या माशांचा निवाराही जातो. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून चिखलातही काही काळ निभावते. मळ्याला वाहते, स्वच्छ पाणीच लागते.

पहिल्या पुरात अनेक मासे विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. पांझरेवरचे फडपद्धतीचे (सामूहिक सिंचनाचे) जुने बंधारे बुटके, पुराचे पाणी त्यांच्या माथ्यावरून जाते. तापीवर मात्र हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी ओळच उभी आहे आणि खाली गुजरातेत १९७२ पासून उकाई. ७२४ किलोमीटरची नदी माशाच्या दृष्टीने तुकड्यातुकड्यांची झाली.

साचल्या पाण्याचा फायदा तिलापियाने उचलला. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. आपल्या माशांची वीण पावसाळ्याला बांधलेली. ही शर्यत बरोबरीची नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा निवडला तो समुद्रातला पापलेट. कोकणाबद्दल तक्रार नाही. पण जिथे तापी उगम पावते, त्या मध्य प्रदेशाने महाशीराला तो मान दिला आहे.

खान्देशाच्या नदीवार यादीची सुरुवात भोईवाड्यांतून व्हावी, असे मला वाटते. जाळ्यात कोणता मासा येईनासा झाला आणि कुठल्या डोहातून, हे तिथली वडीलधारी माणसे चटकन सांगतात. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी ते ऐकून त्याच डोहांवर पावसाळ्याआधी आणि नंतर जाळे टाकून पडताळावे. त्यातले निवडक डोह एप्रिल ते जून मासेमारी आणि वाळूउपशापासून मोकळे ठेवले, तर खर्च फारसा नाही. प्रश्न उरतो तो सोसायटीच्या बुडणाऱ्या उत्पन्नाचा. ते कुणी भरून द्यायचे, याचा हिशेब पुढच्या भागात.