आजारानंतरचा सोबती

श्रोतेहो, मानसिक आजाराचा उपचार रुग्णालयांत होतो, असें आपण समजतों. परंतु आजाराचा जोर ओसरल्यावर जें आयुष्य उरतें, तें घरीं, शेतांत आणि बाजारांत जगावें लागतें. गंगाखेड किंवा जिंतूर तालुक्यांतील एखादा तरुण औषधानें बरा होऊन परतला आहे, अशी कल्पना करा. कानांत येणारे आवाज थांबले आहेत. पण शेजारी दबकून बोलतात, घरचीं माणसें त्यास कोणतेंच काम सांगत नाहींत, आणि तो ओसरीवर बसून राहतो. राज्याचीं चार जुनीं मनोरुग्णालयें ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथें आहेत. त्यांतील एकही मराठवाड्यांत नाहीं. अशा तरुणास सावरणारा कोणी हवा, तर तो त्याच्या गांवाजवळच हवा.

असे सोबती कांहीं देशांत रीतसर तयार करतात. ऑस्ट्रेलियाच्या अपंग-साहाय्य योजनेंत २०२० पासून त्यांची सोय आहे, आणि स्वतः असा आजार भोगून सावरलेल्याचा अनुभव तेथें पात्रता मानला जातो. आपल्याकडेही पाऊल पडलें आहे. नाशिक जिल्ह्यांत २०१३ नंतर ‘आत्मीयता’ उपक्रमानें गांवकऱ्यांतूनच स्वयंसेवक तयार केले. ‘प्रेरणा’ प्रकल्पांत २०१५-१६ पासून परभणीसह १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन खचलेल्या शेतकऱ्यांचा शोध घेऊं लागल्या.

सोबत्याच्या शिक्षणाचा पहिला धडा ऐकण्याचा, आणि दुसरा स्वतःस आवरण्याचा. तो औषध देत नाहीं, बंद करावयासही सांगत नाहीं. तें डॉक्टरांचें काम. ‘उद्यांपासून शेतावर जा’ असा हुकूमही तो सोडीत नाहीं. ‘तुम्हांस काय करावेंसें वाटतें?’ असें विचारून, आलेल्या उत्तराचे तो लहान टप्पे पाडतो : आज विहिरीपर्यंत, पुढल्या आठवड्यांत अर्धा तास निंदणी. झोंप उडणें, जेवण टाळणें अशीं पूर्वचिन्हें कोणतीं, हें प्रकृति ठीक असतांनाच दोघे लिहून ठेवतात. कानीं आलेली गोष्ट चावडीवर जाऊं नये. मात्र जीव देण्याचें बोलणें निघाल्यास गुपित सांभाळीत न बसतां तत्काळ मदत आणावी, हेंही त्यास शिकावें लागतें. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक त्यासाठींच आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें प्रौढ व्यक्तीस, आजार बळावल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावेत वा होऊं नयेत, हें आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरावयास धीर देणें हें सोबत्याचेंच काम होय.

खचलेल्यास शोधून डॉक्टरांकडे पोंचविणें हें अर्धें कार्य झालें. परतलेल्यास पुन्हां घराचा, कामाचा व गांवाचा करणें हें उरलेलें अर्धें. त्यासाठीं परभणींतूनच, आणि शक्य तर स्वतः या वाटेनें गेलेल्यांतूनच, माणसें शिकून तयार झालीं पाहिजेत. तोंवर आपण श्रोत्यांनीं एवढें तरी करावें : बरा होऊन आलेल्या शेजाऱ्यास त्याचें मत विचारावें, आणि त्याच्या उत्तरासाठीं थांबावें.